यवतमाळचा अभ्यास यवतमाळात व्हावा

मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने 3 ऑक्टोबर 2024 रोजी केला, तेव्हा महाराष्ट्रात सर्वत्र आनंद झाला आणि तो रास्तच होता. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाच्या कारभारास आरंभ झाला. ज्या परंपरेने मराठी गद्यास पहिला मोठा ग्रंथ दिला, तिच्याच क्षेत्री हे विद्यापीठ व्हावे ही विदर्भाची जुनी मागणी होती. परंतु या आनंदाच्या भरात एक गोष्ट विसरली जाते. भाषा अभिजात ठरते ती तिच्या प्राचीनत्वाच्या पुराव्यांवर, आणि असे पुरावे कोणी सरकारी हुकूम काढून गोळा केलेले नसतात. कोणा एका माणसाने आडगावच्या मठाच्या पायऱ्या झिजविलेल्या असतात, महंतांचा विश्वास संपादन केलेला असतो, कसर लागलेल्या पोथीची पाने हलक्या हाताने सोडवून तिची अक्षरे लावलेली असतात. अशा माणसांपैकी एक यवतमाळचा होता.

डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांचे नाव आजच्या पिढीतील किती सुशिक्षितांच्या कानांवर आहे, याविषयी आम्हांस शंका वाटते. त्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ 1925 साली प्रसिद्ध झाला. त्या काळी महानुभावांचे साहित्य म्हणजे कुलूप घातलेली कोठी होती. पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले होते. वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि दार किलकिले झाले. पण दार किलकिले होणे निराळे आणि आत शिरून कोठीतील वस्तूंची मोजदाद करणे निराळे. ती मोजदाद ज्या थोड्या अभ्यासकांनी केली, त्यांत देशपांडे अग्रभागी होते. नागपूर विद्यापीठ 1923 साली नुकतेच जन्मास आले होते आणि यवतमाळात पदवीचे महाविद्यालयही नव्हते. तरीही त्या गावात शारदाश्रम नावाची संशोधनसंस्था उभी राहिली. तिने पोथ्या जमविल्या आणि आपले वार्षिक काढले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1978 साली प्रसिद्ध केले. असली मोठी कामे शून्यातून उभी राहत नाहीत. अगोदरच्या अर्धशतकातील लहानमोठ्या संग्रहांचा व याद्यांचा पाया त्यांच्याखाली असतो. तो पाया घालणारी माणसे एकटी नव्हती, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. एकाने पोथी मिळवावी, दुसऱ्याने तिचा पाठ लावावा, तिसऱ्याने त्यात चूक काढावी आणि चौथ्याने छपाईसाठी वर्गणी फिरवावी, असा तो व्यवहार होता.

हा विषय आज पहिल्या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. पहिले पान हे मंत्रिमंडळांच्या उलथापालथीचे, पुराचे आणि अपघाताचे. इतिहास, समाजशास्त्र, भाषा यांच्या संशोधनाचा विषय रविवारच्या पुरवणीत शोभेल, असे म्हणणारे आमच्या कचेरीतही आहेत. परंतु यवतमाळ जिल्हा गेल्या पंचवीस वर्षांत याच पहिल्या पानावर किती वेळा आणि कोणत्या बातमीने आला, हे वाचकांनीच आठवून पाहावे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी तो आला. 2017 च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा आला. जो जिल्हा मरणाच्या बातमीने पहिल्या पानावर येतो, त्याला समजून घेण्याची गोष्टही एकदा पहिल्या पानावर यावयास हवी.

जिल्ह्याचा अभ्यास कोणी केला नाही, असे मुळीच नव्हे. उलट बाहेरच्यांनी तो पुष्कळ केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने 2005 साली आत्महत्यांच्या कारणांविषयी अहवाल दिला. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने 2006 साली राज्य सरकारसाठी दुसरा दिला. समित्या आल्या, पथके आली, देशोदेशींचे पत्रकार व विद्यार्थी आले. त्यांतील बहुतेकांनी प्रामाणिकपणे काम केले, हेही आम्ही मान्य करतो. वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांचा 1850 ते 1900 या काळातील संबंध उलगडणारा लक्ष्मण सत्य यांचा ग्रंथ 1997 साली निघाला, तोही इंग्रजीत. हे सारे जिल्ह्यात येऊन, जिल्ह्याच्या कागदांतून आणि जिल्ह्यातील माणसांच्या तोंडून घेतलेले ज्ञान आहे. पण घाटंजीच्या किंवा मारेगावच्या एखाद्या शिक्षकास ते वाचावयाचे झाले, तर ते त्याच्या हाताशी कोठे आहे? ज्यांच्या घरी जाऊन प्रश्नावल्या भरून घेतल्या, त्यांच्यापर्यंत त्यांच्याच भाषेत उत्तर परत किती वेळा गेले? यवतमाळचा कापूस गाठी बांधून बाहेर जातो आणि कापड होऊन चढ्या भावाने परत येतो, अशी आपली जुनी तक्रार आहे. ज्ञानाच्या बाबतीत तर कापडही परत येत नाही.

याचा परिणाम केवळ अभिमानास धक्का बसण्यापुरता असता, तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. 2006 साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. तिच्यात जोडधंदा म्हणून अनुदानावर दुभती जनावरे देण्याचीही तरतूद होती. हेतू उत्तम होता. पण ज्या कोरडवाहू कास्तकाराकडे स्वतःच्या बैलजोडीस पुरेल एवढी वैरण नाही, त्याच्या दावणीस संकरित गाय बांधली की ती दूध देण्याआधी खाणे मागते. मग काय होणार? कोणी ती विकली, तर कोणी तिच्या पेंडीसाठी आणखी उसनवारी केली. यावर त्या वेळी पुष्कळ टीका झाली. गावाचा वैरण-हिशेब, कर्जाच्या वाटा, मजुरीचा हंगाम, घरातील बाईच्या हाती राहणारा पैसा यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करणारा एखादा गट जिल्ह्यात असता आणि त्याला विचारण्याची पद्धत असती, तर गाय बांधण्याआधीच ही गोष्ट लक्षात आली असती. समाजशास्त्राचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांस आमचे हे एक उत्तर आहे.

दुसरे उत्तर महसूल खात्याच्या दप्तरात आहे. आत्महत्या झाली की तिची चौकशी होते, कागद तयार होतात, आणि मृताचे कुटुंब मदतीस 'पात्र' की 'अपात्र' हे ठरते. जमीन कोणाच्या नावे, कर्ज कोणत्या संस्थेचे, तगादा होता की नाही, अशा कसोट्या लागतात. सातबारावर नाव नसलेली बाई आयुष्यभर शेतात राबली तरी ती कागदोपत्री शेतकरी ठरत नाही, आणि खाजगी सावकाराच्या कर्जास पावती नसते. 'अपात्र' या एका शब्दामागे केवढा समाजव्यवहार दडला आहे! गेल्या पंचवीस वर्षांतील अशा हजारो प्रकरणांचे कागद म्हणजे एका समाजाच्या दुःखाची दप्तरे आहेत. इतिहासकारास याहून महत्त्वाचे साधन कोणते मिळणार? पण सरकारी अभिलेखांची वर्गवारी होते, प्रत्येक वर्गाची मुदत ठरलेली असते, आणि मुदत भरली की निंदणीकरण होऊन कागद नष्ट केले जातात. निंदणी हा शब्द शेतातला आहे. तण कोणते आणि पीक कोणते हे ओळखणारा माणूस शेतात असावा लागतो. अभिलेखकक्षात तो असावा, अशी व्यवस्था आपण केलेली नाही.

एरवीही या जिल्ह्याचा इतिहास विखुरलेलाच आहे. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1864 साली जिल्हा निराळा झाला, काही काळ वणीच्या नावाने चालला आणि 1905 साली त्यास यवतमाळचे नाव मिळाले. वऱ्हाड 1903 साली मध्य प्रांतास जोडले गेले, 1956 साली मुंबई राज्यात आले आणि 1960 साली महाराष्ट्रात. प्रत्येक स्थित्यंतरागणिक कागदांचा एक हिस्सा वेगळ्या राजधानीत राहिला. हैदराबाद, नागपूर, मुंबई आणि लंडन अशा चार ठिकाणी धुंडाळल्यावाचून यवतमाळच्या एका तालुक्याचा शंभर वर्षांचा इतिहास लिहिता येत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाने हा प्रवास कोणाच्या खर्चाने करावा?

त्याहून विलक्षण कथा कोलामांची आहे. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींची गणना अतिअसुरक्षित आदिम गटांत होते, त्यांत कोलाम एक असून त्यांची पोडे झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, राळेगाव या भागांत आहेत. चहूबाजूंनी मराठीने वेढलेली असूनही त्यांची कोलामी द्राविड कुळातील आहे. 2011 च्या जनगणनेत तिचे भाषक साऱ्या देशात सव्वा लाखाच्या वर भरले, म्हणजे एखाद्या मध्यम शहराच्या वस्तीइतके. या भाषेचे पहिले नाव घेण्याजोगे व्याकरण 1950 साली निघाले. ते लिहिले सेतुमाधवराव पगडी यांनी, मराठ्यांच्या इतिहासाचे म्हणून आपण ओळखतो त्याच पगडींनी. हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना आदिलाबादकडील कोलामांत राहून ते ही भाषा शिकले. पाच वर्षांनी, 1955 साली, एमेनो या अमेरिकी पंडिताने वर्ध्याकडील कोलामीचा ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केला. पैनगंगेपलीकडील राजगोंडांवर फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1948 साली लिहिले, आणि त्यांचे कागद आज लंडनला आहेत. म्हणजे आमच्या शेजारच्या पोडातील बोली समजून घेण्यासाठी एक माणूस अमेरिकेहून आला, एक व्हिएन्नाकडचा आला आणि एक सरकारी अधिकारी कामाचा व्याप सांभाळून शिकला. यवतमाळातून कोण निघाले? आज कोलाम मुले मराठी शाळेत जातात. काही कोलाम तरुण शिक्षक व पदवीधरही झाले आहेत. घरात आजीशी बोलताना जी भाषा त्यांच्या तोंडी येते तिचा कोश त्यांनीच करावा, यासारखे दुसरे रास्त काम नाही. पण त्यासाठी दोनतीन वर्षांची वृत्ती, सोबतीस एखादा भाषाशास्त्राचा जाणकार आणि छापण्याची हमी हवी. आजीचे वय थांबून राहत नाही.

यवतमाळास वाङ्मयाचे वावडे आहे, असे मात्र कोणी समजू नये. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांनी राजकारणाच्या धबडग्यातून लोकमान्यांवर संस्कृत महाकाव्य रचिले आणि त्यास 1973 साली, त्यांच्या पश्चात, साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. राम शेवाळकर वणीच्या महाविद्यालयाचे प्राचार्य असताना ते गाव व्याख्यानांसाठी महाराष्ट्रभर ओळखीचे झाले. साहित्य संमेलन यवतमाळात दोनदा भरले, 1973 साली ग. दि. माडगूळकरांच्या आणि 2019 साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. ढेरे या लोकसंस्कृतीच्या संशोधक, आणि संशोधकांच्याच घरच्या. पण त्या संमेलनाची आठवण काढली की उद्घाटकांचे निमंत्रण मागे घेतल्याचा गदारोळच लोकांच्या ओठी येतो. मांडव तीन दिवसांत उतरतो, हा मांडवाचा धर्मच आहे. आमचे म्हणणे मांडवाच्या खर्चापैकी एक लहानसा भाग दरवर्षी पोथीसाठी, प्रवासासाठी आणि मासिकासाठी बाजूस निघावा, एवढेच आहे.

आता संशोधकांच्या घराकडेही पाहू. मानव्यविद्यांच्या नावाने चालणारे सारेच काम आदरास पात्र आहे, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. बढतीसाठी निबंध हवेत म्हणून पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 च्या अखेरीस चांगल्या नियतकालिकांची यादी करण्याची व्यवस्था घोषित केली आणि 2025 साली तीही मोडीत काढली. एका प्रबंधाची प्रकरणे उचलून दुसरा प्रबंध होतो, हे उघड गुपित आहे. पण या दोषाचे मूळ कोठे आहे? तालुक्याच्या महाविद्यालयात इतिहासाचा एकच अध्यापक असतो, आणि पुष्कळदा तोही तासिका तत्त्वावर. ज्याचे वेतन शिकविलेल्या तासांवर मोजले जाते आणि उन्हाळ्यात थांबते, तो मेमध्ये अभिलेख वाचावयास जाईल की पोटासाठी दुसरे काही पाहील? त्याने काही लिहिले, तर वाचून 'येथे तुमचे चुकले' असे सांगणारा सहाध्यायी पंचवीस कोसांत नाही. चूक दाखविणारे चार जाणते मित्र हेच विद्येचे खरे पोलीस. तशी मंडळी नसली की परिपत्रकांचे पोलीस नेमावे लागतात आणि ते कसे काम करतात हे आपण पाहिलेच.

पैशाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. 2023 साली संसदेने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये उभे करण्याची भाषा त्यावेळी झाली. त्या कायद्यात मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे आहेत, पण ती विज्ञान-तंत्रज्ञानाशी जेथे जोडली जातात तेवढ्यापुरती. जणू पांढरकवड्याच्या बाजारातील पतव्यवहार यंत्राशी जोडला गेला तरच अभ्यासास पात्र! सामाजिक शास्त्रांसाठी 1969 साली आणि इतिहासासाठी 1972 साली स्थापन झालेल्या परिषदा आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु दिल्लीतील परिषदेचा अर्ज कसा भरावा हे सांगणारे कोणी मुंबई-पुण्यापलीकडे सहसा भेटत नाही. यवतमाळचा तरुण हुशारीत कमी पडत नाही, तो ओळखीत कमी पडतो. अभिजात भाषेच्या नावाने जो निधी येईल तोही याच वाटेने मोठ्या शहरांत मुरेल, ही भीती आम्हांस निष्कारण वाटत नाही. रिद्धपूरच्या विद्यापीठाने आपले एखादे केंद्र यवतमाळात उघडावे आणि शारदाश्रमाच्या परंपरेस त्यात जागा द्यावी, अशी सूचना आम्ही या निमित्ताने करतो. अमरावती विद्यापीठानेही जिल्ह्यातील इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व समाजकार्य या विषयांच्या अध्यापकांस वर्षातून दोनदा, प्रवासखर्च देऊन, एका ठिकाणी बसवावे. तेथे भाषणे नकोत, हारतुरे नकोत. प्रत्येकाने हाती असलेले अर्धे काम पुढे ठेवावे आणि इतरांनी ते तपासावे. ज्या गावाचा अभ्यास झाला त्या गावातील दोघेचौघे त्या बैठकीत असावेत, हा आमचा आग्रह आहे. आपल्याविषयी काय लिहिले गेले हे ऐकण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि पुष्कळदा चूक तेच आधी पकडतील.

राहता राहिला आमचा वाचक. सरकारने करावे, विद्यापीठाने करावे, असे म्हणून मोकळे होणे सुशिक्षित मध्यमवर्गास फार सोयीचे जाते. पण 1916 साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोशाच्या कामास नागपुरातच हात घातला, तेव्हा ते भागभांडवल आणि वर्गणीदार यांच्या बळावर. कोणा संस्थानिकाच्या एकट्या दानावर तो प्रपंच उभा नव्हता. वकील, मास्तर, कारकून यांनी हप्त्याहप्त्याने वर्गण्या भरल्या, आणि ते खंड आजही कित्येक घरांच्या कपाटांत आहेत. त्यांच्या नातवंडांस आज जिल्ह्याच्या एका संशोधन-वार्षिकाची वर्गणी जड जाईल, असे आम्हांस वाटत नाही. आणि जे वर्गणी देऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी कदाचित पैशाहून मोलाचे काही असेल. यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद, उमरखेड येथील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधलेली दप्तरे आहेत. बंद पडलेल्या जिनांच्या कचेऱ्यांत कापसाच्या खरेदीच्या कीर्दी आणि खतावण्या आहेत. त्यांत कोणत्या साली कोणत्या गावास काय भाव मिळाला आणि कोणाच्या नावे किती उचल पडली, हे लिहिलेले आहे. घराची वाटणी झाली, जागा विकसकाकडे गेली, की हे सारे किलोच्या भावाने रद्दीत जाते. विकण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या अध्यापकास एक निरोप धाडावा. तोवर अशा वार्षिकाचा पहिला अंक कशाने भरावा हा प्रश्न कोणी विचारलाच, तर आमची सूचना तयार आहे. यवतमाळ जिल्ह्याविषयी आजवर जे जे ग्रंथ, अहवाल, प्रबंध व लेख झाले, ते कोणत्या भाषेत आहेत आणि त्यांची प्रत कोठे पाहावयास मिळते, याची एक यादी करावी. तालुक्यातालुक्यातील चारपाच अध्यापकांस हे काम वर्षभराचे आहे. त्यांना बसण्यास एक खोली आणि कागद ठेवण्यास दोन कपाटे लागतील.